‘करलं’ कुठून आलं?

साडेतीन वर्षांचं मूल ठोकळ्यांचा मनोरा रचतं, दोन पावलं मागे सरून त्याच्याकडे बघतं आणि म्हणतं, “आई, बघ, मी करलं!” आई हसते आणि सुधारते, “करलं नाही रे, केलं.” मूल शहाण्यासारखी मान डोलावतं. पाच मिनिटांत दुसरा मनोरा उभा राहतो आणि घोषणा होते, “अजून एक करलं!”

हा शब्द त्या घरात कोणी वापरत नाही. आई-बाबा ‘केलं’ म्हणतात, आजी ‘केलं’ म्हणते, टीव्हीवरही ‘केलं’च असतं. म्हणजे पोराने तो ऐकून उचललेला नाही. त्याने तो घरच्या घरी तयार केला आहे. ‘धर’चं धरलं, ‘भर’चं भरलं, ‘चोर’चं चोरलं, मग ‘कर’चं करलं का नाही? शेकडो वाक्यं कानांवरून जाताना मुलाने त्यांतून एक नियम काढला, मनाशी पक्का केला आणि सापडेल त्या क्रियापदाला लावून पाहिला. त्याचा हिशेब चोख आहे. मराठीच आडवी आली. कर, मर, जा, ये ही दिवसातून शंभरदा लागणारी क्रियापदंच नेमकी केलं, मेला, गेला, आला अशी वाकड्या वाटेने जातात.

गंमत अशी की, काही महिन्यांपूर्वी हेच मूल ‘केलं’ बिनचूक म्हणत असण्याची शक्यता असते. तेव्हा तो त्याच्यासाठी एक सुटा शब्द होता, ‘भूभू’ किंवा ‘पाणी’सारखा. नियम सापडला आणि पाठ असलेला शब्द बिघडला. आईबापांना वाटतं, पोर मागे गेलं. प्रत्यक्षात ते एक पायरी वर चढलेलं असतं. इंग्रजी घरांत अशाच वयाची मुलं ‘वेन्ट’ सोडून ‘गोड’ म्हणू लागतात, त्याचंही कारण हेच.

सुट्या उदाहरणांवरून नियमाकडे जाणाऱ्या या विचाराला बी.एड.च्या वर्गात ‘उद्गामी’ म्हणतात आणि नियम हाती घेऊन उदाहरणाकडे उतरणाऱ्या विचाराला ‘अवगामी’. तर्कशास्त्राच्या पुस्तकांत यांनाच विगमन आणि निगमन म्हटलेलं असतं. पाठ टाचणाच्या वहीत या दोन पद्धती दोन वेगळ्या रकान्यांत बसतात. मुलाच्या डोक्यात तसे रकाने नसतात. ‘धरलं-भरलं’वरून नियम काढणं हे उद्गामी झालं आणि त्याच दमात तो ‘कर’ला लावणं हे अवगामी. ‘करलं’ हा शब्द दोन्ही हातांनी वाजलेली टाळी आहे.

हे सगळं अंदाजपंचे तर नाही ना, अशी शंका येऊ शकते. ती फेडण्यासाठी अमेरिकेत जीन बर्को या तरुण संशोधक बाईंनी एक साधी युक्ती केली. मुलाने ‘दोन मांजरं’ बरोबर म्हटलं, तर ते नियमाने म्हटलं की ऐकून, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून त्यांनी कुठेच नसलेले शब्द बनवले. एका जाडजूड पक्ष्यासारख्या प्राण्याचं चित्र दाखवायचं आणि सांगायचं, हा ‘वग’. मग तसेच दोन दाखवायचे आणि विचारायचं, हे दोन कोण? मुलं सहज म्हणाली, “वग्ज.” जगात कोणीही तोवर न उच्चारलेल्या शब्दाचं अनेकवचन त्यांना येत होतं. हा अभ्यास १९५८ साली प्रसिद्ध झाला आणि तो ‘वग’ पुढे भाषाविज्ञानाचं लाडकं पाळीव जनावर होऊन बसला.

मराठीत हाच खेळ करून पाहावा. हा एक झिपटा. शेजारी अजून एक आला, तर हे दोन झिपटे. एकाला खायला द्यायचं तर झिपट्याला. त्याची बायको झिपटी. अशा तिघी जमल्या की झिपट्या. वाचणाऱ्याने आयुष्यात झिपटा पाहिलेला नाही, तरी एकाही रूपाला जीभ अडखळत नाही. ‘सामान्यरूप’ हा शब्द शाळेत ज्याच्या डोक्यावरून गेला होता, त्यालाही ‘झिपट्याला’ अचूक येतं.

बर्को यांच्या अभ्यासातला कमी सांगितला जाणारा भाग जास्त बोलका आहे. दहापैकी नऊ मुलांनी ‘ग्लास’चं ‘ग्लासेस’ बरोबर केलं. पण ‘टास’ या बनावट शब्दाचं ‘टासेस’ करताना जेमतेम एक तृतीयांश मुलं जमली. बाकीच्यांनी शब्द तसाच ठेवला. ‘एस’ जोडायचा हा नियम त्यांनी काढला होता, पण ‘स’ने संपणाऱ्या शब्दापुढे तो मध्ये ‘ए’ घालून लांबवायचा हे पोटकलम अजून हाती लागलं नव्हतं. ‘ग्लासेस’ पाठ होतं एवढंच. नियम एका फटक्यात येत नाही, तुकड्यातुकड्याने येतो, हे त्या न जमलेल्या उत्तरांनी दाखवलं.

आपल्याकडच्या मीमांसकांनी आणि नैयायिकांनी मुलाच्या या उद्योगाचं एक सुरेख दृश्य रंगवून ठेवलं आहे. अंगणात एक वडीलधारा माणूस दुसऱ्याला सांगतो, “गाय आण.” तो जाऊन गाय आणतो. कोपऱ्यातलं मूल बघत असतं. त्याला एवढंच कळतं की, या अख्ख्या आवाजाचा आणि त्या अख्ख्या कामाचा काहीतरी संबंध आहे. मग कानांवर पडतं, “गाय बांध.” जनावर तेच, काम वेगळं. मग, “घोडा आण.” काम पहिलंच, जनावर वेगळं. कुठला आवाज राहिला आणि कुठला बदलला, कुठली गोष्ट राहिली आणि कुठली बदलली, याची जुळणी करत मूल ‘गाय’ आणि ‘आण’ वेगळे काढतं. या घालण्या-काढण्याला शास्त्रात ‘आवापोद्वाप’ असं नाव आहे आणि मोठ्यांच्या बोलण्या-वागण्यावरून शिकण्याला ‘वृद्धव्यवहार’. मुलाला कोणी शिकवत नाही, त्याच्याकडे कोणी बघतही नाही, ही या दृश्यातली मार्मिक जागा.

मुळात ‘गाय’ कुठे संपते आणि ‘आण’ कुठे सुरू होतं, हे तरी त्या मुलाला कसं कळतं? बोलताना आपण शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत नाही. ती फक्त कागदावर असते. १९९६ साली जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं एक सलग, सपाट आवाज ऐकवला: बिडाकुपाडोटीगोलाबु... असा. त्यात तीन-तीन अक्षरांचे चार बनावट शब्द उलटसुलट क्रमाने गुंफले होते. ‘बि’नंतर ‘डा’ हमखास यायचं, पण ‘कु’नंतर काय येईल ते सांगता येत नव्हतं. एवढ्या एका धाग्यावरून बाळांनी शब्दांच्या सीमा ओळखल्या. नंतर खरा शब्द आणि दोन शब्दांचे तुकडे जोडलेला नवा आवाज ऐकवल्यावर ती नव्या आवाजाकडे जास्त वेळ कान देऊन राहिली. ओळखीच्या गोष्टीचा कंटाळा आठव्या महिन्यापासून येतो म्हणायचा!

मग व्याकरण हवं कशाला? हा प्रश्न पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, म्हणजे प्रकरणात, घेतला आहे. तिथे तो एक टोचणारी गोष्ट सांगतो. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जाऊन म्हणतो, मला घडा करून दे. शब्द वापरायचा असेल तर कोणी वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून द्या म्हणत नाही. माणसं शब्द आपले आपणच वापरतात. स्वतः वैयाकरण असलेल्या माणसाने हे लिहावं, यात त्याचा मोठेपणा आहे.

त्याच आह्निकात या म्हणण्याची दुसरी बाजूही आहे. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य आणि शिकायला देवांची हजार वर्षं. बृहस्पतीने एकेक शब्द उच्चारत शिकवायला घेतलं आणि शब्दांचा अंत लागला नाही. आजचा माणूस तर फार झालं शंभर वर्षं जगणार. तेव्हा शब्द एकेक करून मोजण्यापेक्षा एक सामान्य नियम सांगावा आणि मग त्याचे अपवाद. उत्सर्ग आणि अपवाद. पाणिनीची अष्टाध्यायी हाच मार्ग घेते: सुमारे चार हजार सूत्रं आणि त्यांच्या पोटात सगळी भाषा. ही सूत्रं अवगामी रीतीने वापरायची, पण ती आकाशातून पडलेली नाहीत. पूर्वेकडचे लोक असं म्हणतात, उत्तरेकडचे तसं, अशा नोंदी पाणिनीने जागोजागी केल्या आहेत. आधी कान देऊन ऐकलं, मग सूत्र बांधलं.

पुढे शाळांनी सूत्र तेवढं उचललं आणि ऐकणं सोडून दिलं. महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिके’वर संस्कृत शिकल्या. धड्याच्या सुरुवातीला नियम, मग शब्दार्थ, मग भाषांतराची वाक्यं, असा तिचा शिस्तीचा कारभार. इंग्रजीसाठी घरोघरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, तिचाही बाज तोच. या पुस्तकांना आज नावं ठेवायची पद्धत आहे. ती ठेवू नयेत. शिक्षक मिळण्याची मारामार असलेल्या गावात, कंदिलाच्या उजेडात एकट्या मुलाला परकी भाषा शिकवून दाखवणारं दुसरं साधन तेव्हा नव्हतं. शिवाय ज्याला आपण निव्वळ घोकंपट्टी समजतो ते ‘देवः देवौ देवाः’ हा नियमच नाही. ते एक उदाहरण आहे. ‘बाल’ किंवा ‘नृप’ समोर आला की मूल ‘देव’चा साचा त्यावर बसवतं, साच्यातून नियम काढण्याचं काम त्याचं त्यालाच करावं लागतं.

उलट टोकाची शाळा १८७८ साली अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावात मॅक्सिमिलियन बर्लिट्झने काढली. त्याच्या संस्थेत सांगितली जाणारी कथा अशी: त्याने निकोलस जोली नावाचा फ्रेंच सहायक नेमला, मग कळलं की या गृहस्थांना इंग्रजीचा गंध नाही. तेवढ्यात बर्लिट्झ आजारी पडला. नाइलाजाने वर्ग जोलीच्या हाती गेला. वस्तू दाखव, हातवारे कर, क्रिया करून दाखव, असं करत त्याने आठवडे काढले. बर्लिट्झ परतला तेव्हा वर्ग फ्रेंचमध्ये गप्पा मारत होता. कथेला तिखटमीठ लागलं असेल, पण तिच्यातून निघालेली ‘प्रत्यक्ष पद्धत’ जगभर गेली: वर्गात मातृभाषा नाही, भाषांतर नाही, नियम सांगणं नाही.

प्रौढ माणसाचं डोकं नियम काढताना कसं चालतं, ते आतून पाहायचं तर एक कोडं सोडवावं. भाषा स्वाहिली, पूर्व आफ्रिकेतली. ‘नितासोमा’ म्हणजे मी वाचीन. ‘उतासोमा’ म्हणजे तू वाचशील. ‘निलिसोमा’ म्हणजे मी वाचलं. ‘नितापिका’ म्हणजे मी स्वयंपाक करीन. ‘अनापिका’ म्हणजे ती स्वयंपाक करते. आता ‘तिने स्वयंपाक केला’ कसं म्हणायचं?

डोळे आधी ‘सोमा’वर आणि ‘पिका’वर जातात; ती क्रियापदं. ‘नि’ म्हणजे मी, ‘उ’ म्हणजे तू. मधला ‘ता’ भविष्याचा, ‘लि’ भूतकाळाचा. ‘अनापिका’तला ‘अना’ कुठे तोडायचा याला थेट पुरावा नाही; बाकीच्या शब्दांत आधी कर्ता आणि मग काळ येतो, म्हणून इथेही ‘अ’ म्हणजे ती आणि ‘ना’ म्हणजे वर्तमान असं धरून चालायचं. उत्तर येतं, ‘अलिपिका’. ते बरोबर आहे. पाच शब्दांच्या भांडवलावर न ऐकलेला सहावा शब्द मिळाला. अशी कोडी सोडवण्याच्या शालेय स्पर्धा मॉस्कोत १९६५ साली सुरू झाल्या. २००३पासून आंतरराष्ट्रीय भाषाविज्ञान ऑलिंपियाड भरतं आणि २०१६ साली ते म्हैसूरला भरलं होतं. भाषा येणं ही तिथे पात्रता नसते. न येणं ही असते.

मात्र आत्मविश्वास वाढायच्या आत पुढचं वाक्य घ्यावं. खाणे या क्रियापदाचा धातू आहे ‘ला’. मी खाईन? आपल्या नियमाने ‘निताला’. स्वाहिली माणूस म्हणतो ‘निताकुला’. एकाक्षरी धातूंना इथे ‘कु’चा टेकू लागतो. मी वाचणार नाही? ‘नि’ तर कायमच आहे असं वाटत असतं. तो नकारात ‘सि’ होतो आणि वाक्य होतं ‘सितासोमा’. आपण क्षणापूर्वी ‘निताला’ म्हणालो ती चूक आणि ‘मी करलं’ ही चूक यांत जातीचा काहीच फरक नाही. फरक पुढे पडतो. मोठ्या माणसाला ‘एकाक्षरी धातूला कु लागतो’ असं एका वाक्यात सांगता येतं आणि ते त्याला तत्काळ वापरता येतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला आई दिवसभर ‘केलं म्हण’ सांगत राहते आणि ते ‘करलं’च म्हणतं, त्याच्या कानांवर ‘केलं’चा पुरेसा मारा झाला की एके दिवशी आपोआप सुधारतं.

म्हणजे मोठ्यांना नियमच सांगावेत? या प्रश्नावर दक्षिण भारतात एक धाडसी प्रयोग झाला. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर, मद्रास अशा ठिकाणच्या काही साध्या शाळांमध्ये इंग्रजीच्या तासातून व्याकरणाचा अभ्यासक्रमच काढून टाकला. त्याऐवजी मुलांना कामं दिली: हे रेल्वेचं वेळापत्रक, अमुक गाडी कुठून किती वाजता सुटते, हा नकाशा, इथून तिथे कसं जायचं. डोकं अर्थात गुंतलं की व्याकरण मागच्या दाराने आत येईल, ही त्यांची पैज. नंतर बाहेरच्या परीक्षकांनी चाचण्या घेतल्या, तेव्हा वाक्यरचनेच्या ठरीव प्रश्नांत नेहमीचे वर्ग पुढे होते. ऐकून समजण्यात आणि श्रुतलेखनात प्रभूंचे वर्ग पुढे. ज्याने जे केलं ते त्याला आलं, असं म्हणून दोन्ही पक्षांनी आपापली पाठ थोपटून घेतली.

मागच्या दाराने सगळंच आत येत नाही, याचा दाखला होनोलुलूमधल्या एका जपानी चित्रकाराने दिला. रिचर्ड श्मिट या संशोधकांनी त्याला ‘वेस’ असं टोपणनाव दिलं आणि तीन वर्षं त्याच्या इंग्रजीवर लक्ष ठेवून १९८३ साली लिहिलं. वेस गप्पिष्ट, मनमिळाऊ. चित्रं विकणं, ओळखी वाढवणं, सगळं इंग्रजीत झकास चालायचं. इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची त्याला वाण नव्हती. तरी अनेकवचनाचा ‘एस’ आणि भूतकाळाची रूपं तीन वर्षांनी होती तिथेच. त्याला त्यांची गरज पडत नव्हती, म्हणून ती दिसतही नव्हती. पुढे श्मिट स्वतः ब्राझीलमध्ये पाच महिने पोर्तुगीज शिकले, रोजनिशी ठेवली, आणि त्यांना आढळलं की जी रूपं आपल्या ध्यानात आली तीच आपल्या तोंडी आली. कानांवर पडणं पुरत नाही, लक्ष जावं लागतं. आणि लक्ष वेधायला ‘हे बघ, इथे काय होतंय’ एवढं एक वाक्य कधी कधी वर्षाची पायपीट वाचवतं. नॉरिस आणि ओर्टेगा या संशोधकांनी २००० साली दुसरी भाषा शिकवण्याच्या ४९ अभ्यासांचे निकाल एकत्र करून पाहिले. नियम उघड सांगून शिकवलेले गट सरासरीने पुढे निघाले. अर्थात त्यांतल्या बऱ्याच चाचण्या नियम आठवून सोडवायच्या होत्या, हेही त्यांनीच लिहून ठेवलं.

कुठला नियम सांगावा आणि कुठला सोडून द्यावा, हे भाषा जन्मापासून बोलणाऱ्याला सहसा कळत नाही, कारण त्याला आपले नियम ठाऊकच नसतात. पुण्यात मराठी शिकायला आलेला एखादा परदेशी विद्यार्थी विचारतो, “आजोबा आणि आजी यांतला ज एकच आहे ना?” मराठी माणूस ठामपणे म्हणतो, हो. मग दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघतो आणि थबकतो. ‘आजोबा’ म्हणताना जिभेचं टोक दातांशी जातं. ‘आजी’ म्हणताना जीभ मागे टाळूला भिडते. ‘माझा’ आणि ‘माझी’, ‘त्याचा’ आणि ‘त्याची’, तीच कथा. बोलण्यातलं ‘माझं घर’ दातांवरचं, पण लिहिण्यातलं ‘माझे घर’ टाळूवरचं. शाळेच्या व्याकरणात च-ज-झचे दोन उच्चार असतात एवढी ओळख होते. पण ई, ए किंवा य पुढे आला की दातांवरचा उच्चार टाळूवर सरकतो, हे सहसा कोणी शिकवत नाही. दुसरीतला मुलगा ते दिवसातून हजारदा बिनचूक करतो, लिपी दोन्हींना एकच अक्षर देते आणि परदेशी विद्यार्थ्याचा कान वर्षभर फसत राहतो.

त्याला हा नियम सांगावा. एका वाक्याचा आहे, आणि तेवढ्यावर माझी-माझ्या, त्याची-त्याच्या अशी शेकडो रूपं मार्गी लागतात. उलट दिशेने मात्र तो चालत नाही. पुढे ‘आ’ किंवा ‘अ’ असला की काहीच ठरवता येत नाही: ‘चाक’ दातांवर आणि ‘चार’ टाळूवर, ‘चटई’ दातांवर आणि ‘चहा’ टाळूवर. तिथे तो विद्यार्थी विचारतो, “याला नियम काय?” याला नियम नाही. एकेक शब्द ऐकायचा आणि ठेवून घ्यायचा; मराठी घरातल्या मुलाने ‘चाक’ आणि ‘चहा’ तसेच ठेवून घेतलेले असतात, ‘केलं’च्या शेजारी.